उत्तम माती, दोन किलो

त्रिशलाचं आणि माझं लग्न झालं. अक्षय तृतीयेला, सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी. अक्षता पडल्या, दोन पंगती उठल्या, आणि तिच्या आत्याने पुलाच्या कठड्याला टेकून मठ्ठ्याचा चौथा पेला मागितला.

आता हे खोडा. असं काही झालेलं नाही. त्या दिवशी तांबगंगेच्या पुलावर काय घडलं ते दोन्ही राज्यांच्या नोंदवह्यांत आहे: ‘वाहतूक तुरळक.’ मी त्याच पुलाच्या नाक्यावर सरकारी नोकर आहे, त्यामुळे नोंदवहीत नसलेलं मला दिसत नाही. तेव्हा लग्न झालेलं नाही असं धरून पहिल्यापासून सांगतो. तुम्हीही तसंच धरा, म्हणजे कोणाचीच अडचण होणार नाही.

मी भरतेश चौगुले, वय सत्तावीस, राहणार बेलसोंड. नदीपलीकडे कंचिनकट्टी, आणि तिथून दुसरं राज्य लागतं. राज्यांची नावं लिहीत नाही. नकाशात बघून घ्या, पण तो नकाशाही न्यायप्रविष्ट आहे. आमच्याकडे मराठी बोलतात आणि भांडण रंगलं की कानडी शिव्या देतात. त्यांच्याकडे कानडी बोलतात आणि बाजारात घासाघीस मराठीत करतात. आमच्या निम्म्या आया तिकडच्या, त्यांच्या निम्म्या सुना इकडच्या. एवढं सोडलं तर आमचं एकमेकांशी अजिबात पटत नाही.

भांडण गुळाचं. आमच्या भागाच्या गुळाला बाजारात नाव आहे. पलीकडचे लोक आपला गूळ आमच्या नावाने विकतात अशी आमच्याकडे तीन पिढ्यांची तक्रार होती. त्यांचा गूळ म्हणजे साखर आणि रंग, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, बहुतेक वेळा तोच खात असताना. शेवटी २०३८ साली तालुक्यातल्या व्यापाऱ्यांनी जाहीर परीक्षा ठेवली. गुळात जन्म गेलेले पाच जाणकार, समोर दहा खडे, नावं झाकलेली. पाचही जणांनी एकमताने ‘हाच आपला, दुसरा कुठला असणार’ म्हणून जो खडा उचलला तो कंचिनकट्टीच्या बाबगोंडा कमत्यांच्या गुऱ्हाळातला निघाला.

यावर दोनच उपाय होते. एक, त्यांचा गूळ चांगला असतो हे मान्य करणं. दुसरा, कायदा करणं.

२०३९ चा मूळ पडताळणी अधिनियम असा जन्माला आला. आठ दिवसांत पलीकडच्या राज्यानेही आपला अधिनियम आणला. तो आमच्याच अधिनियमाचं भाषांतर होता, फक्त राज्यांची नावं उलटी केलेली. कलम चौदामध्ये उलटी करायची राहिली, त्यामुळे त्या कलमापुरतं ते राज्य आमच्या गुळाचं रक्षण करतं. अजून कोणी ते कलम वाचलेलं नाही.

कायदा झाला, पण ओळखायचं कसं? जिभेवर आता कोणाचा विश्वास नव्हता. तेव्हा मूळकाटा आला.

मूळकाटा म्हणजे टॉर्चएवढं यंत्र. आमच्या विभागीय अधिकारी पेंडसे मॅडम यांनी मला ते पहिल्या दिवशी समजावलं. त्या पुण्याच्या, त्यामुळे समजावताना समोरच्याला समजलं का हे दोनदा विचारतात. त्या म्हणाल्या, प्रत्येक खडकात स्ट्रॉन्शियम नावाचं मूलद्रव्य असतं, त्याचे हलके आणि जड असे अणू असतात. खडकात रुबिडियमही असतं, आणि ते हळूहळू जड स्ट्रॉन्शियममध्ये बदलत जातं. हळूहळू म्हणजे निम्मं संपायला विश्वाच्या वयाच्या साडेतीन पट काळ लागतो. तेव्हा खडक जितका म्हातारा, तितके त्यात जड अणू जास्त. आमच्या काठाचा काळा खडक लाव्हाचा, साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे तसा कालचा पोर. पलीकडचा खडक अडीचशे कोटी वर्षांच्या पुढचा. मधे नेमकी नदी.

आता झाडाला स्ट्रॉन्शियम आणि कॅल्शियम यांतला फरक कळत नाही. मुळं मातीतून दोन्ही उचलतात. जड-हलक्याचं प्रमाण मातीतून उसात, उसातून रसात, रसातून गुळात जसंच्या तसं जातं. गूळ खाणाऱ्याच्या हाडांत, दातांत आणि केसांतही. केस महिन्याला एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे केसाच्या टोकाकडून मुळाकडे यंत्र फिरवलं तर माणूस कुठल्या महिन्यात कुठलं पाणी प्यायला ते ओळीने वाचता येतं. यंत्र लेझरने सूक्ष्म खड्डा पाडतं, उडालेले अणू मोजतं, नाक्याच्या संदर्भ मातीशी ताडून बघतं आणि चाळीस सेकंदांत दिवा लावतं. जुळलं तर हिरवा, म्हणजे स्थानिक. नाही जुळलं तर लाल, म्हणजे पर.

“आणि उकळलं तर?” मी विचारलं. आम्ही जैन, आमच्यात पाणी गाळून उकळून पितात, म्हणून शंका आली.

“उकळून जंतू जातात, राज्य जात नाही,” मॅडम म्हणाल्या, आणि समजलं का म्हणून दोनदा विचारलं.

नाक्यावरचं काम सोपं होतं. पलीकडून आलेल्या प्रत्येक ट्रकमधली एक ढेप काढायची, मूळकाटा लावायचा, दिवा बघायचा, लाल लागला तर ट्रक परत पाठवायचा. पहिल्या दिवशी हिरवा लागला. दुसऱ्या दिवशीही. पहिल्या वर्षात अकरा हजार ट्रक गेले आणि एकही लाल दिवा लागला नाही. वरून विचारणा झाली, तेव्हा कार्यालयाने उत्तर पाठवलं की कायद्याच्या धाकाने पलीकडचे लोक आता आपलाच ऊस नेऊन, त्याचा गूळ करून, आपल्याला परत आणून देतात. हे उत्तर वर फार आवडलं. आम्हाला ‘गैरप्रकार शून्य’ अशी ढाल मिळाली. ती मॅडमच्या टेबलावर आहे. तिच्यामागे पंचिंग मशीन ठेवतात.

आमच्या लोकांचा माल आणि आमची माणसं आम्ही तपासत नव्हतो. आपलीच माणसं काय तपासायची?

बाबगोंडा कमते नात्याने माझे लांबचे मामा. माझी आई कंचिनकट्टीची. तिच्यासाठी अधिनियमात वेगळं कलम होतं: कायद्याआधी नांदायला आलेल्या सुना राज्याच्याच समजल्या जातील. तीस वर्षं संसार केल्यावर आपण कोणाच्या हे आईला राजपत्रातून कळलं. तिने ते घडी घालून कुंकवाच्या डबीखाली ठेवलं.

मामांची मुलगी त्रिशला. गुऱ्हाळाचा सगळा व्यवहार तीच बघते, आणि रस काहिलीत उकळताना गुळव्याला कधी थांब म्हणायचं हेही तिलाच कळतं. आमचं जमलं ते नाक्यावर. ती गुळाच्या ट्रकबरोबर यायची आणि हिरवा दिवा लागला की म्हणायची, “बघा चौगुले, आज पण तुमचाच निघाला आमचा गूळ.” मी तिला कायद्याच्या यशाचं कार्यालयीन कारण सांगायचो. ती म्हणायची, तुमचा ऊस आमच्या गुऱ्हाळात कधी आला, मला नाही दिसला की. मला वाटायचं, मुरलेले तस्कर असंच बोलतात. तरीही मला ती आवडायची.

अडचण कलम बाविसाची. कायदा झाल्यावर काही व्यापाऱ्यांनी स्थानिक परवान्यासाठी पलीकडे भराभर लग्नं लावली. एकाने एका हंगामात तीन केली, तिन्ही नवऱ्या फक्त गुळाच्या पावतीवर होत्या. म्हणून सरकारने ठरवलं की स्थानिक माणसाला पर व्यक्तीशी लग्न करायचं तर संचालनालयाचा ना-हरकत दाखला हवा. पहिला अर्ज केलेल्या जोडप्याला आता दोन मुलं आहेत आणि अर्ज प्रलंबित आहे. आणि नाक्यावरच्या कर्मचाऱ्याने दाखल्याशिवाय असं लग्न केलं तर नोकरी जाते.

मी मामांकडे रीतसर मागणी घालायला गेलो. मामांनी मला गुऱ्हाळाच्या दारातच बसवलं आणि ताजा गूळ दिला, कारण शत्रूलाही तो देतात. मग म्हणाले की पोरगी सरकारी माणसाला देणं म्हणजे ढेप उंदराला राखायला देणं, पण तिचीच इच्छा असेल तर कागद आण. पुढच्या वर्षीच्या अक्षय तृतीयेपर्यंत मुदत. नाहीतर हुबळीचं स्थळ आहे, दातांचा डॉक्टर.

पंधरा महिने होते. दाखला मिळणार नव्हता, पण कलमात एक फट होती. माणूस पर की स्थानिक हे जन्मावर नाही, केसावर ठरायचं. मुळापासूनचे बारा सेंटिमीटर. बारा महिने. म्हणजे त्रिशला वर्षभर आमच्याकडचं खाईल-पिईल तर तिचा केस स्थानिक होईल आणि दाखल्याचं कारणच उरणार नाही.

हे विज्ञान मी तिला सांगितलं. तिने विचारलं, मग तूच का नाही आमच्याकडचं खात? मी म्हणालो, माझी नोकरी आहे. ती म्हणाली, होय की, आमचं तर नुसतं गुऱ्हाळ आहे. पण ती तयार झाली.

त्या दिवसापासून मी रोज सकाळी बेलसोंडच्या विहिरीचं वीस लिटर पाणी, आईने केलेल्या भाकऱ्या, अंबाडीची भाजी आणि आमच्या म्हशीचं दूध सायकलवरून पलीकडे पोहोचवू लागलो. पलीकडच्या नाक्यावर माझ्यासारखाच एक सहायक होता, हणमंत नावाचा. त्याच्याकडेही मूळकाटा होता. त्याने पहिल्या दिवशी पाणी तपासलं. लाल दिवा लागला. त्याने विचारलं, हे कशासाठी? मी म्हणालो, लग्नासाठी. तो म्हणाला, पाण्यासाठी फॉर्म नाही, जा.

चौदा महिने. लोक प्रेमात ताऱ्यांबद्दल बोलतात म्हणे. मी विचारायचो, काल दूध पूर्ण प्यायलीस का. एकदा ती तिच्या मावशीकडे जेवून आली, तर मी दोन दिवस बोललो नाही. मामांना काही सांगितलं नव्हतं. ते मधून मधून म्हणायचे की अलीकडे घरच्या चहाला चव नाही.

तपासणी अक्षय तृतीयेच्या तीन आठवडे आधी होती. त्रिशला बोरमाळ घालून आली होती, जणू यंत्राला दागिने दिसतात. मॅडमनी तिचा एक लांब केस काढला, मुळाकडचे बारा सेंटिमीटर पट्टीवर लावले. चाळीस सेकंद गेले. लाल दिवा लागला. पडद्यावर आलं: पर, त्र्याऐंशी टक्के.

मॅडमनी पुन्हा लावला. पुन्हा लाल. मी भिंतीकडे बघत होतो. तिथे ‘गैरप्रकार शून्य’चा फोटोही आहे. मला हुबळीचा दातांचा डॉक्टर दिसू लागला. चांगला उंच होता.

त्रिशलाने मात्र पडद्याकडे बघतच विचारलं, “बाकीचा केस पण लावा की. वेणी कमरेपर्यंत आहे.”

मॅडम म्हणाल्या, नियमात बाराच सेंटिमीटर आहेत. त्रिशला म्हणाली, नियमासाठी नको, माझ्यासाठी लावा. मॅडमनी लावला. पडद्यावर एक लांब पट्टी उमटत गेली. वेणीच्या टोकाकडे, चार वर्षांपूर्वीचा केस, गडद हिरवा. तीन वर्षांपूर्वीचा हिरवा. दोन वर्षांपूर्वीचा हिरवा. मग, नेमक्या चौदा महिन्यांपूर्वी, पट्टी पिवळी पडली आणि मुळाकडे येता येता लाल झाली.

त्रिशलाने पट्टी दोनदा वाचली, गुळाचा पाक बघते तशी, मान जरा तिरकी करून. मग माझ्याकडे वळली.

“मी माझ्या घरचं खात होते तेव्हा तुझ्या राज्याची होते. तू पाणी पाजून पाजून मला परकी केलंस.”

मग ती मॅडमना म्हणाली, “आता याचा घ्या.”

कायद्याने माझा घ्यायचं कारण नव्हतं. ‘वर स्थानिक आहे असे गृहीत धरण्यात येईल’ असं कलमच आहे. पण मॅडमनी घेतला. माझे केस आखूड, कसेबसे तीन सेंटिमीटर भरले. लाल. पर, एक्क्याण्णव टक्के.

मॅडमनी मग सावकाश स्वतःचा एक केस काढला. पुण्यातही काळाच खडक. लाल. त्यांनी कपाटातून मामांच्या गुऱ्हाळातली एक ढेप आणून लावली. हिरवा. इतका स्वच्छ हिरवा की तो मला उद्धट वाटला.

“यंत्र बरोबर आहे,” मॅडम म्हणाल्या. “म्हणजे माती चुकलीय.”

संदर्भ मातीची फाइल काढली. वरचं पत्र मला आठवत होतं, कारण ते ग्रामसभेत मीच वाचून दाखवलं होतं. ‘आपल्या गावातील उत्तम व प्रातिनिधिक माती, दोन किलो, पिशवीत बंद करून पाठवावी.’ खाली दिलं होतं की ही माती राज्याची अधिकृत संदर्भ माती म्हणून राजपत्रात नोंदवली जाईल. एवढं वाचल्यावर सभा पेटली. सरपंच म्हणाले, माझ्या मळ्यातली घ्या. त्यांचे चुलत भाऊ म्हणाले, त्या मळ्याचा बांध कोर्टात आहे. खोत म्हणाले, उत्तम माती आमची, ऊस बघा. माळी आळी उठून जायला निघाली. तीन तास कोणाची माती उत्तम यावर गाव फुटत चाललं, तेव्हा कोणीतरी म्हणालं की तालमीची द्या. तालमीची माती सगळ्या गावाची. तिला पाया पडून आत उतरतात. तिच्यापेक्षा उत्तम काय असणार? टाळ्या वाजल्या. कुस्तीच्या हौद्यातून दोन किलो लाल माती काढून, नारळ फोडून, पिशवीत बंद करून पाठवली.

फाइलमध्ये प्रयोगशाळेचा शेरा होता: ‘नमुन्यास ताक, हळद, लिंबू व तिळाच्या तेलाचा वास. स्थानिक वैशिष्ट्य म्हणून नोंद घेतली.’

आमच्या गावची जमीन काळी. हौद्यातली माती लाल. चार हजार लोकसंख्येत हे कोणाच्या डोळ्याला खुपलं नव्हतं. माझ्याही नाही.

ग्यानबा वस्ताद तालमीच्या ओट्यावरच सापडले. वय अठ्ठ्याहत्तर, कान कुस्तीत मोडलेले, आवाज शाबूत. त्यांनी आमच्याकडे बघितलं, त्रिशलाकडे जास्त वेळ बघितलं, आणि म्हणाले की बाबगोंडाची पोर न्हवं का ही, नाक तसंच हाय. मी हौद्यातली माती कुठून आली ते विचारलं. ते म्हणाले, डोंगरावरनं. मी म्हणालो, वस्ताद, आपल्याकडे लाल डोंगर नाही. आत दोन पोरं जोर मारत होती, त्यांचा श्वास ऐकू येत होता.

मग त्यांनी सांगितलं. शहाऐंशी साली कंचिनकट्टीच्या जत्रेत त्यांनी तिकडचा नावाजलेला मल्ल चीत केला. बक्षीस चांदीची गदा होती. वस्तादांनी गदा नको म्हणून सांगितलं आणि दोन गाड्या माती मागितली, बाबगोंडा मामांच्या वडिलांच्या शेतातली. भर दुपारी, उसाच्या पाचटाखाली झाकून, बैलगाडीने नदीतून आणली.

“काळ्या मातीत कुस्ती होती व्हय?” वस्ताद म्हणाले. “पाऊस पडला तर हारल्याला बी निघत न्हाई आन् जिकल्याला बी न्हाई.”

मी विचारलं, गावाला सांगितलं नाहीत?

“गावानं इचारलं न्हाई. जिकून आलेल्याला कोण इचारतंय, माती कुठली?”

म्हणजे तीन वर्षं आमच्या राज्याच्या अस्सलपणाचं माप हे मामांच्या शेताचं होतं. पलीकडचा प्रत्येक ट्रक स्थानिक ठरत होता, कारण तो खरोखर त्याच मातीतला होता. आणि आम्ही सगळे, सरपंचांपासून म्हशीपर्यंत, आपल्याच राज्यात पर होतो. फक्त आम्हाला कोणी तपासलं नव्हतं.

मॅडमनी मला संदर्भ दुरुस्तीचा फॉर्म दिला. त्यावर नाक्याच्या सहायकाची सही लागते. खरी काळी माती पाठवली की आठ दिवसांत यंत्रं दुरुस्त होणार, मग मी स्थानिक, आणि चौदा महिने आमचं पाणी प्यायलेली त्रिशलाही स्थानिक. अक्षय तृतीयेच्या आधी कागद हातात. मॅडम एवढंच म्हणाल्या की त्यांची हरकत नाही, फक्त मग तीन वर्षांत सोडलेले एकतीस हजार ट्रक परत बोलवावे लागतील, आणि तो गूळ खाल्लेल्या लोकांनाही कळवावं लागेल.

मी सही केली. खरं सांगतो, दोन मिनिटंही विचार केला नाही. फॉर्म खिशात घालून थेट गुऱ्हाळात गेलो.

काहील उकळत होती. त्रिशला काठीने फेस बघत होती, मामा खाटेवर. मी दोघांना सगळं सांगितलं. मामा मातीच्या गोष्टीवर हसले, मग चौदा महिन्यांच्या पाण्याची गोष्ट आली तेव्हा उठून बसले. म्हणाले, तरीच. पोरीला वर्षभर दुसऱ्या राज्याचं पाजलंस, आणि मी बिचाऱ्या दूधवाल्याला बदललं.

त्रिशलाने फॉर्म मागितला. हात पुसून नीट वाचला, मागची बाजूही.

“हा गेला की आपलं काय?”

“आपलं कायदेशीर होतं.”

“आणि अप्पांच्या ट्रकचं?”

तिने काहिलीकडे बघितलं. तिथे चौदा माणसं राबत होती, त्यांतली सहा बेलसोंडची.

“लग्न एकदाच करायचंय,” ती म्हणाली. “गूळ रोज विकायचाय.”

“मग कागद? तुझ्या अप्पांनी कागद मागितलाय.”

आता सगळे मामांकडे बघू लागले. मामांनी रस एकदा वर येऊन खाली बसेपर्यंत वेळ घेतला. त्यांच्या मनात एका बाजूला हुबळी होती, दुसऱ्या बाजूला नाका. मग ते म्हणाले की कागद परक्यांना लागतात, आपण नात्यातलेच. आणि माझ्याकडे न बघता पुढे म्हणाले की पोरगं पाणी वाहून न्यायला तरी चांगलं आहे.

त्रिशलाने फॉर्म चुलवाणात टाकला. कागद पाचटापेक्षा लवकर जळतो. मला एवढं हलकं वाटलं की मी पुढचा अर्धा तास काहीच न करता काहिलीकडे बघत उभा होतो. वीस लिटर पाणी चौदा महिने सायकलवरून नेणाऱ्या माणसालाच तो हलकेपणा कळेल.

मग एक प्रश्न राहिला. लग्न कुठे? आमच्या बाजूला यंत्राच्या लेखी आम्ही दोघंही पर, आणि परांच्या लग्नाला या राज्याचं कार्यालय हात लावत नाही. पलीकडे हणमंतचं यंत्र बरोबर होतं. मी तर तिथे लाल होतोच, आणि माझ्या पाण्याने त्रिशलाही तिच्या स्वतःच्या घरात लाल झाली होती. दोन्ही राज्यांत आम्ही दोघंही परके. जोडा म्हणून एवढे जुळलेले आम्ही यापूर्वी कधीच नव्हतो.

पुलाच्या मध्यावर दोन फुटांची जोडपट्टी आहे. आमच्या राज्याने डांबर तिच्या अलीकडे थांबवलंय, त्यांच्या राज्याने पलीकडे. तिच्यातला खड्डा कोण बुजवणार यावर एकवीस वर्षं पत्रव्यवहार चालू आहे. आम्ही त्या पट्टीवर उभे राहिलो. उभे राहिलो असतो, असं म्हणा. उपाध्ये संकल्पाला आले आणि अडले. ठिकाण काय म्हणू, त्यांनी विचारलं. मामा म्हणाले, पूल म्हणा. अक्षय तृतीया म्हणून सगळ्यांना उसाचा रस होता. निम्मा ऊस इकडचा, निम्मा तिकडचा, चरकात एकत्र घातलेला. मॅडम रजेवर होत्या आणि दुसऱ्या पंगतीला बसल्या. हणमंतने त्याच्या बाजूचा अडसर वर केला आणि नोंदवही उघडून मला विचारलं, काय लिहू? मी माझी दाखवली. त्याने उतरवून घेतलं: वाहतूक तुरळक. ग्यानबा वस्तादांनी आहेर म्हणून रुमालात बांधलेली मूठभर लाल माती मामांच्या हातात ठेवली. मामांनी ती हुंगली आणि म्हणाले, हळद जास्त आहे.

सोमवारी मी नोकरीवर गेलो तेव्हा मॅडमचं परिपत्रक लागलं होतं: ‘स्थानिक व्यक्तींची तपासणी केल्यास त्या स्थानिक नसल्याचे निष्पन्न होण्याचा संभव असल्याने, स्थानिक व्यक्तींची तपासणी करू नये.’ आमच्या दोघांच्या तपासण्यांची नोंद ‘यंत्र सरावासाठी’ अशी झाली. ट्रक येतात, हिरवा दिवा लागतो. त्रिशला पूल ओलांडून गुऱ्हाळात जाते, संध्याकाळी सूर्य बुडायच्या आत जेवायला परत येते. कुठलं पाणी प्यायलीस हे मी आता विचारत नाही. यंदा ढाल पुन्हा आम्हालाच मिळाली.

तिला पाचवा महिना आहे. म्हणून खालील अर्ज काल दोन्ही राज्यांना पाठवला.

प्रति,
मा. संचालक, मूळ पडताळणी संचालनालय (दोन्ही)

विषय: न झालेल्या विवाहातून होऊ घातलेल्या अपत्याच्या जावळाबाबत.

महोदय,

वरील विषयान्वये कळविण्यात येते की, सदर अपत्याचे पहिले केस रूढीप्रमाणे काढून तांबगंगेच्या पुलाच्या मध्यावरून, जोडपट्टीवर उभे राहून, नदीत सोडण्यात येणार आहेत. हे केस आईच्या पोटात उभय राज्यांचे पाणी पिऊन वाढलेले असल्याने यंत्रावर कोणता दिवा लागेल हे सांगता येत नाही, व सांगण्याची अर्जदाराची इच्छा नाही. तरी सदर केस प्रवाहात असताना ते कोणत्याही काठाला लागल्यास त्या राज्याने नमुना म्हणून उचलू नयेत, यासाठी नदी समुद्राला मिळेपर्यंत तिचे दोन्ही काठ कोणत्याही राज्याचे नाहीत असे तात्पुरते जाहीर करावे, ही नम्र विनंती. कालावधी अंदाजे नऊ दिवस. त्यानंतर काठ पूर्ववत आपापल्या राज्यांस परत करण्यास अर्जदाराची हरकत नाही.

आपला,
भरतेश चौगुले (पर, एक्क्याण्णव टक्के)

सोबत: गूळ, एक ढेप, तपासलेला.